सदऱ्याच्या धाग्याला बांधलेली माणसे
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना शहरातला वाटेल. मोठमोठ्या दुकानांत जो माल विकला जातो त्याच्यामागे वेठबिगारी दडलेली असते आणि ती थांबवली पाहिजे, अशी चर्चा गेली दहा-पंधरा वर्षे लंडन, पॅरिस, वॉशिंग्टन इथे चालू आहे. तिथे त्यावर कायदेही झाले. कोणी म्हणेल, तिकडची चर्चा तिकडे, आपल्याला काय त्याचे? आपल्यापुढे पाऊस, बोंडअळी आणि भाव ही तीन संकटे काय कमी आहेत?

पण त्या दुकानात टांगलेला सदरा आपल्या पऱ्हाटीपासून सुरू होतो. त्या मालाची जी लांबलचक साखळी आहे तिचे पहिले कडे आपल्या शेतात आहे. आणि त्या साखळीत जी माणसे अडकली आहेत त्यांतली पुष्कळशी आपल्यासारखीच कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरे आहेत. म्हणून हा विषय आपला आहे, आणि तो आपणच आपल्या बाजूने समजून घेतला पाहिजे. दुसऱ्याने समजावून सांगितला तर तो त्याच्या सोयीने सांगेल.

आधी हिशेब

बोलणे हिशेबापासून सुरू करू. एका सुती सदऱ्याचे वजन पावशेराच्या आसपास. कताईत, विणकामात, कापणीत जी घट जाते ती धरली तर त्याला साधारण ३५० ग्रॅम रुई लागते. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे एका सदऱ्याला एक किलो कापूस लागला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत होती क्विंटलला ८,११० रुपये. किलोला ८१ रुपये. त्यातही सरकीचे पैसे आलेच. तो सदरा शहरातल्या दुकानात दीड हजाराला विकला गेला, तर नांगरणीपासून वेचणीपर्यंत वर्षभर राबलेल्या घराच्या वाट्याला रुपयातले पाच पैसे आले. आणि हे आधारभूत किंमत पदरात पडली तर. खेड्यातल्या खरेदीत ती कितीजणांना मिळते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

उरलेले पंच्याण्णव पैसे जिनिंग, सूतगिरणी, कापडगिरणी, शिलाई, वाहतूक, कर, जाहिरात, दुकान यांत वाटले जातात. आता शिवणाऱ्या बाईला त्यातले फार मिळत असतील असे समजू नका. या साखळीत भाव वरून खाली ठरत येतो. दुकानदार कंपनी ठरवते की सदरा अमुक किमतीला पाहिजे आणि तमुक तारखेला पाहिजे. शिलाई कारखानदार तो दाब सूतगिरणीवर टाकतो, सूतगिरणी जिनिंगवर टाकते, जिनिंगवाला आपल्यावर. ज्याच्या खाली कोणी नाही त्याला तो दाब स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. त्याच्याजवळ विकायला माल उरत नाही तेव्हा तो आपले हात गहाण टाकतो, मग बायकोचे, मग पोरांचे. वेठबिगारीचे मूळ इथे आहे.

गुलामी ओळखायची कशी?

पायात साखळदंड आणि पाठीवर चाबूक, अशी गुलामी आता सिनेमात दिसते. आजची गुलामी उचलीच्या रकमेने सुरू होते. १९३० सालच्या आंतरराष्ट्रीय करारात सक्तीच्या मजुरीची व्याख्या साधी आहे: शिक्षेचा धाक दाखवून, माणसाने आपखुशीने पत्करलेले नसताना करून घेतलेले काम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये जो अंदाज दिला त्यानुसार २०२१ साली जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे अशा कामात अडकलेली होती, आणि त्यातली बहुतेक सरकारी नव्हे, खाजगी धंद्यांत.

आपल्या भाषेत खुणा सांगायच्या तर अशा. उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नाही. हिशेबाची वही मालकाजवळ, आपल्याजवळ चिठोरीही नाही. आधारकार्ड किंवा बँकेचे पासबुक दुसऱ्याच्या पेटीत. मजुरी हंगामाच्या शेवटी, आणि मधेच निघालो तर काहीच नाही. घरच्या एका माणसाने पैसे घेतले म्हणून दुसऱ्याने राबायचे. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की समजावे, ही मजुरी राहिलेली नाही.

बियाण्याच्या पाकिटापासून

साखळीच्या अगदी सुरुवातीला जाऊ. आपण पेरतो ते संकर कपाशीचे बियाणे. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून संकर-४ हे वाण निघाले. व्यापारी पातळीवर पेरला गेलेला कपाशीचा तो जगातला पहिला संकर. उत्पन्न वाढले हे खरेच. पण हे बियाणे तयार कसे होते? मादी झाडाची प्रत्येक कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी हाताने सोलायची, तिचे पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाचे पराग तिला लावायचे. एकेक फूल, एकेक कळी, रोज, दोन-तीन महिने. यंत्राने हे होत नाही.

हे काम आंध्रातल्या कर्नूल आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर या जिल्ह्यांत फार मोठ्या प्रमाणावर होई. १९९० नंतरच्या आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा हजारो लहान मुले, त्यांतही बहुतेक मुली, हे काम करताना आढळल्या. हंगामाआधी आईबापांना उचल दिलेली. मुलीची शाळा सुटलेली. मोठ्या माणसापेक्षा कमी मजुरी, आणि औषध फवारलेल्या शेतात दिवसभर उभे राहणे. पुढे गुजरातेतल्या शेतांवरही राजस्थानातल्या आदिवासी भागांतून मुले आणली जात असल्याचे उघड झाले.

कंपन्यांचे म्हणणे होते की मुले आम्ही लावत नाही, बीजोत्पादक शेतकरी लावतात. कागदोपत्री ते खरे. पण त्या शेतकऱ्याकडून बियाणे किती रुपयांनी घ्यायचे हे कोण ठरवत होते? कंपनी. बीजोत्पादनात सर्वांत मोठा खर्च मजुरीचा. अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवले की कंपनी जो भाव देते त्यात मोठ्या माणसाला पूर्ण मजुरी देऊन शेतकऱ्याच्या हातात फारसे उरत नाही. खरेदीचा भाव ठरवताना कंपनीने लहान मुलीची मजुरी गृहीत धरलेली होती. गवगवा झाल्यावर काही कंपन्यांनी मुले न लावणाऱ्या शेतकऱ्याला जादा भाव देण्याचे मान्य केले. म्हणजे दुखणे भावाचे होते हे त्यांनीही कबूल केले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भाव पडला म्हणून दुसऱ्याच्या लेकराला जुंपणे माफ होत नाही. पण नुसते त्या शेतकऱ्याला बेड्या घालून ती मुलगी शाळेत जाणार नाही. भाव ठरवणाऱ्यालाही पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

सूतगिरणी आणि शिलाई

आपली रुई गाठी बांधून दक्षिणेत जाते. तामिळनाडूत कोइमतूर, तिरुपूर, दिंडीगल, इरोड या पट्ट्यात सूतगिरण्या आणि शिलाई कारखाने आहेत. तिथे अनेक गिरण्यांत एक पद्धत चाले. तिला नाव दिले होते 'सुमंगली'. गरीब घरची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या कराराने गिरणीत न्यायची, वसतिगृहात ठेवायची, महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि तीन वर्षे पुरी झाली की लग्नासाठी तीस-पन्नास हजार एकरकमी देण्याचे वचन. आजारी पडून दोन महिने आधी घरी आली तर ती रक्कम पुष्कळदा बुडालीच. वसतिगृहाबाहेर एकटीने जाता येत नाही, घरी फोन करायला परवानगी लागते. हुंड्याची भीती आणि सूतगिरणीची गरज यांचा हा मेळ. २०११ नंतर परदेशी संस्थांचे अहवाल आले, बोभाटा झाला, नाव बदलले. काही ठिकाणी पद्धत सुधारली, काही ठिकाणी पाटी बदलली.

२०२१ मध्ये दिंडीगलकडच्या एका कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. आरोप तिच्या मुकादमावर, सुपरवायझरवर होता. त्यानंतर तिथल्या बायकांच्या संघटनेने लढा दिला आणि २०२२ मध्ये कारखाना आणि परदेशी कंपन्यांशी लेखी करार झाला: कामावर बायकांचा छळ झाला तर तक्रार संघटनेमार्फत होईल, आणि करार मोडला तर कंपन्या त्या कारखान्याच्या खरेदीवर टाच आणतील. हा करार लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग सांगू.

शेजारच्या बांगलादेशातले उदाहरण सगळ्यांनी ऐकले असेल. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची दुकाने आणि बँक बंद ठेवली गेली, बँकेची माणसे घरी गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र पगार कापण्याची भीती घालून आत पाठवले. माल वेळेवर जायचा होता. १,१३४ माणसे मेली. बँकेच्या कारकुनाला घरी जाता आले आणि शिवणाऱ्या बाईला आले नाही, एवढ्यावरून कळते की कोण मोकळे होते आणि कोण बांधलेले.

आपल्या घरचा कोयता

आता दूर जायचे कारण नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगरचा कोरडवाहू भाग. कापूस वेचून झाला, ज्वारी पेरली किंवा पेरताच आली नाही, आणि दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून ऊसतोडीला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून. कारखाना पैसे देतो वाहतूकदाराला किंवा मुकादमाला, मुकादम उचल देतो जोडप्याला. ती उचल पोरीच्या लग्नात, दवाखान्यात किंवा गेल्या साली बुडालेल्या बियाण्या-खतात आधीच गेलेली असते. हंगामभर तोडून फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या साली डोक्यावर. एक दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचा दंड.

त्या खाड्याने काय केले ते २०१९ मध्ये जगाने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघड झाले. सरकारने नेमलेल्या समितीने सुमारे ८२ हजार बायकांची माहिती घेतली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा त्रास, पाण्यावाचून फडातला मुक्काम, दवाखान्याची लूट आणि खाड्याचा धाक, सगळे एका जागी आले. ज्या बाईला दोन दिवस विसावा घ्यायची सोय नाही, तिला डॉक्टरने सांगितलेला तोच उपाय सोयीचा वाटतो.

कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तरी काय करू, माझ्या नावावर कारखान्याची रक्कम आहे, टोळी पळाली तर माझी जमीन जाते. आणि साखर कुठे जाते? शीतपेयांच्या बाटलीत, बिस्किटांत, औषधांत. २०२४ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने महाराष्ट्रातल्या साखरेचा माग थेट जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत नेला, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. ज्याच्या रानात बारमाही पाणी नाही, ज्याच्या ज्वारीला आणि कापसाला भाव नाही, तोच कोयता उचलतो. शेतीतला तोटा हाच मुकादमाचा खरा दलाल आहे.

कायदे आले, त्यांचा अर्थ

इंग्लंडने २०१५ मध्ये कायदा केला: मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठ्यात गुलामी नाही यासाठी काय केले हे दरसाल जाहीर सांगावे. फ्रान्सने २०१७ मध्ये, राणा प्लाझानंतर, कंपन्यांवर दक्षतेचे बंधन घातले. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. अमेरिकेने २०२१ अखेर कायदा करून चीनच्या शिनजियांग प्रांतातला सगळा माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असे धरून चालायचे ठरवले. नसेल तर आयात करणाऱ्याने तसे सिद्ध करायचे. शिनजियांगात जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस पिकतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या मजुरीच्या मालावर बंदीचा नियम केला, तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे.

म्हणजे यापुढे व्यापारी विचारणार: ही गाठ कोणत्या गावची, कोणत्या शेतातली, कोणी वेचली? आपल्याकडेही 'कस्तुरी' या नावाने गाठींचा माग ठेवण्याची योजना जाहीर झाली ती याच वाटेवरची.

या कायद्यांचे स्वागत करायचे, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या एका शिलाई कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारे बंद. अडीचशेच्या वर माणसे जळून मेली. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांची नीट काळजी घेतल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. तपासनीस येतो, वही पाहतो, चहा पितो, शिक्का मारून जातो. ज्याची तपासणी तोच फी भरतो. असल्या कागदाने कोणाची बेडी तुटत नाही.

दबाव टाकला तर काय होते याचेही उदाहरण आहे. उझबेकिस्तानात दरसाल कापूस वेचायला सरकारच माणसे हाकत असे. शाळेची मुले, विद्यार्थी, शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका. आपल्याकडे १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती. तिथे पेरणीचाही कोटा, भावही सरकारचा, कोटा चुकला तर शेतकऱ्याची कसायची जमीन काढून घेत. तिथल्या माणसांनी जीव धोक्यात घालून शेतांतली माहिती बाहेर पोहोचवली. तीनशेच्या वर कंपन्यांनी तो कापूस न घेण्याची शपथ घेतली. आधी मुले शाळेत परतली, मग वेचणीचे दर वाढवावे लागले, २०२० मध्ये सक्तीचा कोटा गेला, आणि २०२२ मध्ये बहिष्कार उठला. लक्षात घ्या, दर वाढवल्यावर वेचायला माणसे मिळाली. सक्ती लागते ती मजुरी चुकवायची असते तेव्हाच.

दिंडीगलचा करार आणि उझबेकिस्तान, दोन्हींत एक सारखे आहे. तिथलीच माणसे स्वतः उभी राहिली, आणि माल न उचलण्याची धमकी खरी होती. या दोन गोष्टी नसतील तर कायदा कपाटात राहतो.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या देशात कायदा नाही असे नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. १९७६ च्या कायद्याने बांधलेल्या मजुराचे कर्ज रद्द ठरवले. ते वसूल करता येत नाही, त्यासाठी दावा चालत नाही, त्यापोटी घेतलेली मालमत्ता परत करावी लागते, आणि हे बांधील कर्ज नव्हते हे शाबित करण्याचा भार सावकारावर आहे, मजुरावर नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीच सक्तीची मजुरी. पोटाची भूक हीसुद्धा सक्ती आहे. सोडवलेल्या माणसाच्या पुनर्वसनाला २०१६ च्या योजनेत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख आणि फार वाईट प्रकारांत ३ लाख रुपयांची तरतूद केली. पण हे सारे सुरू होते जिल्हाधिकाऱ्याच्या यंत्रणेने मुक्तीचा दाखला दिल्यावर. दाखला मागणाराच नसेल तर काय होणार?

म्हणून आम्ही या मेळाव्यापुढे काही गोष्टी ठेवतो आहोत. त्यावर गावागावांत बैठक घ्या.

१. गावातून जी टोळी बाहेर जाईल तिची यादी निघण्याआधी गावात तयार करा: कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, उचल किती, पोरे कोणती बरोबर. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक संघटनेकडे.

२. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. उचलीची आणि रोजच्या तोडीची नोंद दोघांजवळ पाहिजे. आधारकार्ड आणि पासबुक आपल्याच पिशवीत.

३. बायकोची मजुरी बायकोच्या नावावर. आजारपणाचा खाडा दंडात धरायचा नाही, ही अट उचल घेतानाच टोळीने एकमुखाने घालायची.

४. आपल्या बांधाच्या आतही हाच नियम. सालगड्याचा हिशेब लिहून त्याच्या हातात, वेचणीचे पैसे आठवड्याला, चौदा वर्षांखालचे पोर वेचणीला नाही. जी मागणी आपण कंपनीकडे करतो तिचे उत्तर आपल्या शेतात तयार असले पाहिजे.

५. कंपन्यांना आणि सरकारला एकच सांगणे: मालाचा माग ठेवायचा तर भावाचाही माग ठेवा. गाठीवर गावाचे नाव लिहिता, तर त्या गावच्या शेतकऱ्याला काय मिळाले तेही लिहा. प्रमाणपत्राचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नका. ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले, ऐन वेचणीच्या तोंडावर. भाव पाडायचा आणि वर वेठबिगारीबद्दल हळहळायचे, या दोन गोष्टी एका तोंडाने होत नाहीत.

६. जिल्ह्यातली वेठबिगार दक्षता समिती कोणाची आहे, शेवटची केव्हा बसली, हे प्रत्येक तालुक्याने लेखी अर्जाने विचारावे. उत्तर आले की पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवावे.

भावांनो, मायबहिणींनो, ज्याच्या शेतात खर्च भरून निघतो त्याला उचल देऊन कोणी बांधू शकत नाही, आणि जो बांधलेला नाही त्याची मुलगी कळ्या सोलायला जात नाही. परदेशातला ग्राहक सदरा घेताना हात आखडेल तेव्हा आखडेल. आपली यादी मात्र येत्या दसऱ्याच्या आत, टोळ्या निघण्यापूर्वी, तयार झाली पाहिजे. वही आणि पेन घेऊन आज रात्रीच सुरुवात करा.